हुमणीचं मातीतलं वर्ष

वळवाचा दमदार पाऊस झाला की निफाडच्या शिवारात दिवेलागणीला बांधावरच्या कडुलिंबाकडे, बाभळीकडे बघा. माती फोडून तपकिरी भुंगेरे वर येतात, घोंघावत झाडावर जातात. रात्रभर पाला खाणं, मीलन, आणि उजाडायच्या आत परत जमिनीत.

हे हुमणीचे, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या किडीचे भुंगेरे. उजेडाशी त्यांचा संबंध जवळजवळ नाहीच.

मादी ओल्या मातीत पांढरी, साबुदाण्याएवढी अंडी घालते. दीड-दोन आठवड्यांत अळी निघते. आधी कुजकं खाते, मग मुळांकडे वळते. दिंडोरी-निफाडकडचा ऊस पिवळा पडतो, धरून ओढला तर अलगद हातात येतो, तेव्हा खाली मुळं उरलेली नसतात.

या अळीची ठेवण फार विचार करायला लावते. अंग मऊ, पांढरं. डोकं मात्र कठीण आणि जबडे मजबूत. ती कायम वाकलेली असते, ती उगाच नाही. अरुंद जागेत एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला पाय रोवून ती पुढं सरकते. वरची माती सुकली की ओलीमागे खोल जाते. दोनदा कात टाकते, मातीतच कोष करते. आणि खरी कमाल पुढं आहे: कोषातून निघालेला भुंगेरा लगेच वर येत नाही. पंख तयार, तरी पुढच्या पावसापर्यंत तो तिथंच दबून राहतो.

स्लोव्हेनियातल्या गुहांमध्ये लेप्टोडायरस नावाचा भुंगेरा आहे, १८३२ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून त्याचे डोळे गेले, उडायचे पंखही गेले. हुमणीचे दोन्ही शाबूत आहेत, कारण तिला वर्षातून एकदा झाड गाठावंच लागतं.

एक सांगायलाच हवं. उकिरड्यात सापडणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. सपाट जागेवर ठेवल्यावर पाठीवर सरकत गेली, तर ती बहुधा फुलभुंग्याची. कुजलेलं खाऊन खत करणारी. तिला मारू नका.

हुमणीला गाठायची वेळ म्हणजे वळवाच्या पावसानंतरच्या संध्याकाळी. अंधार पडल्यावर फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. अंडी घालण्याआधी मादी सापडली, तर पुढची सगळी पिढीच टळते. पण हे एकट्याच्या शेतात करून भागत नाही. भुंगेरे बांध ओळखत नाहीत, म्हणून अख्ख्या शिवारानं एकाच वेळी झाडं झटकायला हवीत.