दस्ता फुटतो कुठे आणि का

मंडळी, जड काडतुसाच्या रायफलीचा दस्ता फुटला की पहिलं वाक्य ऐकू येतं, "लाकूडच कच्चं होतं." कधीकधी ते खरंही असतं. पण बरेचदा लाकूड उत्तम असतं, लोखंड त्याला नको त्या जागी टेकलेलं असतं. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः या टेकण्याबद्दल. बोल्ट आणि सळया नंतर.

आधी जोर किती ते पाहू. .४५८ विंचेस्टर मॅग्नम घ्या, १९५६ साली आलेलं काडतूस. गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे साधारण ३२ ग्रॅम. नळीतला दाब ४,००० बारच्या आसपास चढतो. नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरहून किंचित जास्त, तेव्हा काडतूस धरून झाडणाऱ्या पोलादी यंत्रणेवर, म्हणजे अ‍ॅक्शनवर मागच्या दिशेनं चार टनांहून अधिक जोर येतो. तो सगळा लाकडावर येत नाही. रायफल साडेचार किलोची आणि दस्ता एक-सव्वा किलोचा धरला, तर सुमारे पाव हिस्सा दस्त्याला मागे ढकलण्यात जातो. म्हणजे क्षणभर का होईना, टनभर. हा टन जातो रिसीव्हरच्या, म्हणजे त्या यंत्रणेच्या मुख्य सांगाड्याच्या, पुढच्या भागाखालच्या एका छोट्या पोलादी ठोकळ्यातून. त्याला आपण रिकॉइल लग म्हणतो. माउझर पद्धतीच्या अ‍ॅक्शनवर त्याची मागची बाजू दीड चौरस सेंटिमीटरच्या घरात असते. भागाकार केलात तर चौरस सेंटिमीटरला ७०० किलो येतात.

काळ्या अक्रोडाचं वाळलेलं लाकूड रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेनं दाबलं तर चौरस सेंटिमीटरला ५३० किलोच्या सुमारास चिरडतं. क्षणिक भार लाकूड जरा जास्त सोसतं, म्हणून पहिल्याच गोळीला काही होत नाही. पण रेषा एकमेकींपासून फाकवायला गेलात, तर तेच लाकूड ५० किलोच्या आत सुटतं. दहापट फरक आहे. म्हणजे जोर रेषेच्या दिशेनं नेला तर दस्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, फाकवणारा झाला तर मोसमभरही नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. मागे जाड रबरी पॅड लावलं की दस्ता वाचतो असं पुष्कळांना वाटतं. खांदा वाचतो, दस्ता नाही. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत रायफल जेमतेम चार-पाच मिलिमीटर मागे सरकलेली असते. पॅड धड दबलेलंही नसतं, आणि लगच्या मागचं लाकूड तोवर मार खाऊन बसलेलं असतं.

आता फुटण्याचा क्रम. लगमागचं लाकूड केसभर दबतं. अ‍ॅक्शन तितकीच मागे येते. मग तिची मागची शेपूट, म्हणजे टँग, मुठीच्या लाकडाला भिडते. टँग निमुळती, मूठ दस्त्यातली सगळ्यात बारीक जागा. ओंडका फोडायला पाचर ठोकतात तसंच हे काम होतं, आणि टँगच्या मागून उभी चीर निघते. मॅगझिनची पेटी मागे लाकडाला टेकली किंवा मागचा स्क्रू आपल्या भोकाच्या भिंतीला घासला, तर तेही असेच चोरून लगचं काम करतात.

म्हणून मजबुतीचं पहिलं काम काही घालण्याचं नाही, काढण्याचं आहे. टँगच्या मागे अर्धा ते पाऊण मिलिमीटर फट ठेवा. पेटीच्या मागे आणि स्क्रूभोवतीही मोकळीक हवी. दिसायला ती फट चांगली दिसत नाही, हे मान्य. बारीक काम करणाऱ्या सुताराला केसभर फटही डोळ्यांत खुपते, आणि त्याच हौसेपायी कितीतरी देखणे दस्ते चिरले आहेत.

त्यानंतर बेडिंग, म्हणजे लोखंडाला लाकडात नेमकी बैठक करून देणं. लगच्या मागचं लाकूड पटाशीनं थोडं कोरून तिथे तंतू मिसळलेली इपॉक्सी भरायची. लगच्या पुढच्या, खालच्या आणि बाजूच्या अंगाला टेप लावायची, म्हणजे तो फक्त मागे टेकेल. रिलीज एजंट, म्हणजे इपॉक्सी चिकटू न देणारा लेप, प्रत्येक धातूवर, स्क्रूच्या आट्यांतसुद्धा. हा थर विसरलात तर रायफल आणि दस्ता कायमचे एकजीव. जुन्या रायफलीत बंदुकीचं तेल मुरून लाकूड काळं, मऊ झालेलं असतं. तिथे इपॉक्सी धरत नाही. आधी अ‍ॅसिटोननं तेल ओढून काढावं लागतं, पुन्हापुन्हा.

क्रॉसबोल्ट यानंतर. कल्पना नवी नाही, १८९८ च्या माउझर लष्करी रायफलीतही लगमागे आडवा बोल्ट आहेच. जड काडतुसांना दुसरा बोल्ट मॅगझिन आणि ट्रिगरच्या मधल्या पातळ भिंतीत घालतात. बोल्ट दस्त्याच्या दोन्ही कुशी फाकू देत नाही. पण लग आणि बोल्ट यांच्यामध्ये कच्चं लाकूड राहिलं, तर तो निव्वळ दागिना. बेडिंगची इपॉक्सी बोल्टपर्यंत पोचायला हवी. बाहेर बोल्ट दिसायला नको असेल तर सहा मिलिमीटरची आटे पाडलेली सळई आत चिकटवून वर आबनुसाची टिकली बसवा. याउपर नळीखाली दुसरा लग बसवला तर टेकणारं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होतं, मात्र दोन्ही लग एकाच वेळी टेकले पाहिजेत. हे काम निवांतपणे करायचं.

मुठीत उभी सळई घालायची असेल, तर टँगच्या खाचेतून तिरकं भोक पाडतात. सळईला लांबीच्या दिशेनं कानशीनं एक चर पाडा. नाहीतर बंद भोकात सळई दाबताना इपॉक्सीला निघायला वाट मिळत नाही आणि तिच्या दाबानंच मूठ तडकते. लाकडाची रेषा मुठीतून सरळ जात असेल तर मला ही सळई गरजेची वाटत नाही. रेषा तिरपी सुटत असेल तर घालाच. त्याहून बरं म्हणजे असा ठोकळा दस्त्यासाठी निवडूच नये.

शेवटी सगळी कोरलेली जागा आतून सील करा, तेल आणि ओल पुन्हा शिरायला नको. पहिल्या काही गोळ्यांनंतर स्क्रू पुन्हा आवळून पाहा. सैल निघाले तर लाकूड दबतंय. अ‍ॅक्शन काढून टँगमागे पाहा. तिथे लाकडावर चकाकी आली असेल किंवा पॉलिशचा टवका उडाला असेल, तर फट बुजली आहे. ती पुन्हा मोकळी करून, लगमागचं बेडिंग नव्यानं भरल्याशिवाय पुढची गोळी झाडू नका.