आकाशकंदिलासाठी घरी केलेली दिव्यांची माळ

श्रोतेहो, नमस्कार.

बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्याने बांधून त्यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर पतंगी कागद खळीने चिकटवून घरीच आकाशकंदील तयार करायचा, ही हौस आपल्याकडे अजून टिकून आहे. मात्र आत दिवा कोणता लावायचा, याचा विचार बहुधा कंदील पुरा झाल्यावर, अगदी वसुबारसेच्या संध्याकाळी होतो आणि मग मिळेल ती तयार माळ गोळा करून आत सारली जाते. माझ्या मते दिवा हा कंदिलाचाच एक भाग आहे. कामट्यांचे माप आपण जसे ठरवतो, तसेच उजेड कुठून आणि किती यावा हेही आपणच ठरवावे. म्हणून सेलवर चालणारी दहा एलईडींची छोटी माळ घरी कशी करावी, हे आज मी सांगणार आहे.

पूर्वी कंदिलात पणती ठेवत. नंतर ‘झिरोचा बल्ब’ आला. त्याचे नाव झिरो असले तरी तो साधारण १५ वॉटचा असे आणि त्यातली बहुतेक वीज उष्णतेतच जात असे. त्यामुळे कागद बल्बपासून दूर ठेवावा लागे आणि लहान कंदिलात तेवढी जागाच नसे. एलईडीने ही अडचण दूर केली. लाल एलईडी १९६२पासून ठाऊक होता, परंतु पांढऱ्या प्रकाशासाठी निळ्या एलईडीची वाट पाहावी लागली, कारण आपण वापरतो तो पांढरा एलईडी म्हणजे मुळात पिवळ्या प्रकाशद्रव्याचा लेप दिलेला निळा एलईडीच असतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन बोटांच्या अंतरावर कागद असला तरी निर्धास्तपणे लावता येणारा दिवा आज आपल्या हाती आहे, तो त्यांच्या कामामुळे.

आता सामान. पाच मिलिमीटरचे दहा एलईडी, तेवढेच रेझिस्टर (विजेच्या वाटेत अडथळा आणणारे छोटे पुर्जे), लाल आणि काळी बारीक तार, तीन पेन्सिल सेल बसतील अशी बटण असलेली डबी आणि जोड झाकण्यासाठी स्लीव्ह, म्हणजे बारीक प्लॅस्टिकची नळी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे सारे मिळते. एलईडी घेताना कोमट पिवळसर पांढरा, म्हणजे दुकानात ज्याला ‘वॉर्म व्हाइट’ म्हणतात, तो मागावा. थंड पांढऱ्या प्रकाशात निळा अंश जास्त असतो आणि तांबडा किंवा केशरी कागद नेमका तोच शोषून घेतो, त्यामुळे महागाचा एलईडी लावूनही कंदील मलूल दिसतो.

या सगळ्यात लोक ज्याला सर्वांत कमी मान देतात तो रेझिस्टर, आणि माझा आग्रह मुख्यतः त्याच्यासाठी आहे. एलईडीला मिळणारे व्होल्टेज जरासे वाढले तरी त्यातून वाहणारी वीज कितीतरी पटींनी वाढते. तिला आवर घालण्याचे काम रेझिस्टर करतो. हिशेब शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाचाच आहे. तीन सेलचे मिळून साडेचार व्होल्ट होतात. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, म्हणजे दीड व्होल्ट उरतात. आपल्याला १० मिलिअँपिअर वीज पुरते, म्हणजेच ०.०१० अँपिअर; उरलेल्या व्होल्टना अँपिअरने भागायचे, म्हणून १.५ भागिले ०.०१० असे करून १५० ओहमचा रेझिस्टर येतो (ओहम हे अडथळ्याचे माप). त्यावर तपकिरी, हिरवा आणि पुन्हा तपकिरी असे पट्टे असतात. लाल एलईडीला साधारण २ व्होल्टच लागतात, म्हणून त्याच्यासाठी हिशेबाने २५० येतात, त्याच्या जवळचा २७० ओहमचा घ्यावा.

सगळ्यांसाठी मिळून एकच रेझिस्टर का नको, असा प्रश्न येईल. मी पहिली माळ तशीच केली होती, लाल आणि पांढरे एलईडी समांतर, म्हणजे त्याच दोन तारांवर शेजारी शेजारी, जोडून आणि डबीपाशी एकच रेझिस्टर लावून. बटण दाबले तेव्हा फक्त लाल दिवे लागले. लाल एलईडी कमी व्होल्टेजला चालतो, त्यामुळे सगळी वीज त्याच्याच वाटेने गेली आणि पांढऱ्यांना काही उरले नाही. एकाच रंगाचे दिवे असले तरी प्रत्येकाची जात थोडी निराळी असते आणि उजेड कमीजास्त पडतो. म्हणून प्रत्येक एलईडीला त्याचा स्वतःचा रेझिस्टर हवाच.

जोडणीचे चित्र डोळ्यांपुढे आणण्यासाठी शिडी आठवावी. लाल तार हा शिडीचा एक उभा बांबू, काळी तार दुसरा, आणि एलईडी व त्याला जोडलेला रेझिस्टर मिळून एक पायरी. एलईडीचा लांब पाय धन बाजूचा, आखूड पाय ऋण बाजूचा; पाय कापले गेले असतील तर ज्या बाजूला कडा चपटी असते ती ऋण. तारेवर चार-चार बोटांच्या अंतराने खुणा करून तेवढाच भाग सोलावा, मात्र लाल आणि काळ्या तारेवरचे सोललेले भाग समोरासमोर येऊ देऊ नयेत, थोडे मागेपुढे ठेवावेत, म्हणजे ते एकमेकांना चिकटण्याची भीती राहत नाही. स्लीव्ह डाख देण्याआधीच, म्हणजे सोल्डर वितळवून जोड पक्का करण्याआधीच, तारेत ओवून ठेवावी. हे विसरले की तो जोड पुन्हा सोडवावा लागतो. २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न पुरेसे आहे. एलईडीच्या पायाला ते तीन सेकंदांहून अधिक टेकवू नये. जोड चकचकीत दिसला तर डाख नीट बसला असे समजावे. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते, त्यामुळे हे काम मोठ्यांनीच खिडकी उघडी ठेवून करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

साध्या एलईडीचा उजेड टॉर्चसारखा सरळ समोर जातो. तो तसाच कंदिलात लावला तर कागदावर दहा ठिपके उमटतात आणि बाकीचा कंदील अंधारात राहतो. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. एलईडीचे गोल डोके बारीक पॉलिश पेपरवर घासून दुधी करावे, म्हणजे उजेड चहूकडे पसरतो. शिवाय दिव्यांची तोंडे कागदाकडे न करता आत, मध्याकडे करावीत. एवढ्या दोन गोष्टी केल्या की करंजीच्या आकाराचा प्रत्येक कागदी कोपरा सारखा उजळतो, आणि ते पाहण्यासाठी तरी हा सगळा खटाटोप करावा असे मला मनापासून वाटते.

दहा एलईडी मिळून १०० मिलिअँपिअर वीज घेतात. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता सुमारे २००० मिलिअँपिअर-तास धरली, तर माळ साधारण वीस तास चालेल, म्हणजे रोज संध्याकाळी चार तास याप्रमाणे दिवाळीचे पाच दिवस. शेवटी उजेड हळूहळू मंदावेल. चार्ज होणारे सेल वापरायचे असतील तर त्यांचे व्होल्टेज प्रत्येकी १.२ असते हे लक्षात घेऊन पांढऱ्या एलईडीसाठी हिशेबाने येणाऱ्या ६० च्या जवळचा, ५६ ओहमचा रेझिस्टर लावावा.

डबी जड असते, त्यामुळे ती एका बाजूला बांधली तर कंदील कलतो. ती बुडाशी मधोमध बसवावी आणि शेपट्यांच्या झिरमिळ्या लावताना तिचे झाकण उघडेल एवढी जागा राखावी. शेवटचा कागद चिकटवण्याआधी माळ अर्धा तास पेटती ठेवून पाहावी.

एका गोष्टीबद्दल मात्र मी स्पष्ट बोलेन. लहान भेटवस्तूंमध्ये पैशाच्या आकाराचे बटण सेल बसवण्याची पद्धत आहे. असा सेल लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. तशी नुसती शंका आली तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. ज्या घरात लहान मूल आहे, तिथे स्क्रूने बंद होणारी डबी आणि पेन्सिल सेल हेच वापरावे.

तुळशीच्या लग्नानंतर कंदील उतरवाल तेव्हा सेल आठवणीने बाहेर काढा, कारण डबीत राहिलेला सेल पुढे पाझरतो आणि स्प्रिंगा गंजवून टाकतो. संपलेले सेल ओल्या कचऱ्यात न टाकता वेगळे द्या. कागद फाटलेला असेल, तो जाऊ द्या. माळ मात्र सोडवून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा आणि कोणता रेझिस्टर लावला आहे तो आकडा त्याच पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कंदिलाचा आकार बदलेल, पण माळ हीच उपयोगी पडेल.

नमस्कार.