जास्तीची एक भाकरी

मागं आवाज येतोय ना? बरं. मला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली दहा माझी ओळख करून देण्यात गेली आणि ती ओळखही अर्धी चुकीची होती. मी डॉक्टर नाहीये ओ, होम सायन्स शिकवायचे, रिटायर झाले, आणि आता आठवड्यातून दोनदा एका एआरटी सेंटरबाहेरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथल्या, बाकड्यावर बसते. बसते म्हणजे गप्पा मारते. मला तेवढंच जमतं.

विषय ठरलाय 'एचआयव्ही आणि आहार'. त्याकडं येते, पण आधी एका कागदाबद्दल सांगते कारण तो कागद माझ्या डोक्यातून जात नाही. आहार तक्ता. चकचकीत, रंगीत, वर सफरचंदाचं चित्र. सकाळी एक ग्लास दूध आणि दोन अंडी, अकराला हंगामी फळ, दुपारी मोड आलेली कडधान्यं, संध्याकाळी सूप (सूप! सोलापुरात, एप्रिलमध्ये!), झोपताना चार भिजवलेले बदाम. तो मी एका बाईंच्या हातात दिला. विड्या वळणाऱ्या, पूर्व भागातल्या. त्यांनी पोरीकडून वाचून घेतला, घडी घातली आणि मला विचारलं, "बाई, हे सगळं एका दिवसात खायचं, का महिन्यात मिळून?"

हसा, मी पण हसले होते. मग घरी गेले आणि झोप आली नाही, कारण तो तक्ता मीच केला होता.

पुढच्या वेळी कागद घरी ठेवला आणि नुसतं विचारलं, काल काय खाल्लं? चहा-टोस्ट. मग विड्या. हजार वळल्याशिवाय मजुरी हातात येत नाही, त्यामुळं उठायला वेळ नाही. दुपारी आदल्या दिवशीचा भात. रात्री पोरं जेवून उरली तर अर्धी भाकरी आणि चटणी. वजन ३८ किलो. आणि महिन्याच्या शेवटी, रेशन संपलं की गोळ्या बंद. का? तर म्हणे, "गोळी घेतली की भूक लागते ओ. लागली तर खाऊ काय?"

हे बरोबर आहे बघा. औषध लागू पडायला लागलं, अंगातला विषाणू दबला की मेलेली भूक परत येते. डॉक्टरच्या दृष्टीनं ही चांगली बातमी, आणि त्या बाईंना त्याचीच धास्ती.

आता शेंगाचटणीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. पाहुणा आला की आपण चटणीचा पुडा आणि कडक भाकरीची चवड देतो, पुण्याचे लोक ती चटणी फ्रीजमध्ये ठेवतात, देव त्यांचं भलं करो. १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. बदाम कशाला पाहिजेत? आम्ही पोषणवाले शिकायला बाहेर गेलो आणि घरचा कूट विसरून आलो. हुरड्याला गेलो की मात्र कौतुक करायचं आणि फोटो काढायचे... चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, विषय तर आत्ता सुरू झाला!

बरं, भराभर सांगते. एचआयव्ही असलेल्या पण लक्षणं नसलेल्या मोठ्या माणसाला साधारण १० टक्के जास्त ऊर्जा लागते, आजारी पडला की २० ते ३० टक्के. १० टक्के म्हणजे दिवसाला दोनेकशे कॅलरी, म्हणजे जास्तीची एक भाकरी नाहीतर मूठभर शेंगदाणे. मागणी एवढीच आहे. आणि एचआयव्हीची सध्याची डोल्युटेग्राविरवाली गोळी रिकाम्या पोटी चालते, पण तिच्यासोबत लोहाची गोळी घ्यायची तर जेवणाबरोबर घ्यावी लागते, रिकाम्या पोटी दोन्ही एकत्र घेतल्या तर औषध नीट शोषलं जात नाही. जेवणच नसलं तर?

सोय कागदावर आहे. औषध २००४ पासून फुकट आहे. दारिद्र्यरेषेखालच्या एचआयव्हीबाधितांची घरं अंत्योदयमध्ये घ्या असं केंद्रानं २००९ मध्येच सांगितलंय, म्हणजे महिन्याला ३५ किलो धान्य. संजय गांधी निराधारमध्येही हे लोक बसतात. पण त्यासाठी एचआयव्हीचा दाखला दाखवायचा, आणि एका बाईंचा तो खिडकीवरच्या माणसानं मोठ्यानं वाचला, रांगेत शेजारीण उभी! २०१७ चा एचआयव्हीचा कायदा म्हणतो माहिती गुप्त ठेवा. त्या बाई परत गेल्या नाहीत, कार्ड राहिलं.

टीबी झाला तर निक्षयमधून, म्हणजे टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी योजनेतून, महिन्याला १,००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून. नुसत्या एचआयव्हीला ते नाहीत, म्हणजे आधी टीबी होऊ द्यायचा, आणि एचआयव्हीवाल्यांचे सगळ्यात जास्त जीव टीबीच घेतो. झारखंडात टीबी रुग्णांच्या घरी शिधा दिला तेव्हा घरातल्या बाकीच्यांना टीबी होणं जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलं, २०२३ मध्ये छापून आलंय. मग गोळ्यांच्या खिडकीवरच, कुणाला काही न दाखवता, शिधा का नाही? जो गोळी देतो त्याला सगळं आधीच माहितीये की.

उठते, उठते. तो तक्ता मी फाडला, आता फक्त कालचं जेवण विचारते. दारात कापडी पिशवी ठेवलीय, शेंगदाणे टाका. शेंगा नकोत, सोलायला वेळ नसतो कुणाला. चिक्की पण नको, दोघी-तिघींना शुगर आहे.