पर्याय झाकल्यावर

(सोलापुरात शिक्षक-पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, एक चौकोनी कागद डोळ्यांसमोर आणा. तो एकदा आडवा दुमडा, मग उभा. चार पदर झाले. आता दोन्ही घड्या जिथं मिळतात, त्या कोपऱ्याजवळ एक भोक पाडा. कागद उलगडल्यावर भोकं किती, आणि कुठं? नवोदयच्या प्रवेश परीक्षेत पाचवीच्या पोरांना असेच प्रश्न असतात.

चार, कागदाच्या मध्याजवळ. बहुतेकांचं बरोबर आलं. माझं लक्ष मात्र तुमच्याकडं होतं. काहींनी डोळे मिटले. काहींची बोटं हवेतच घडी उलगडत होती. मागून कुणीतरी पुटपुटलं, "दोन पदर, चार पदर, म्हणजे चार भोकं." त्यांनी कागद उलगडलाच नाही, हिशोब केला. गुण सगळ्यांना सारखेच.

1971 मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि विचारलं, ही एकच आकृती फिरवलेली आहे की दुसरीच? दोन आकृत्यांमधला कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त. सेकंदाला साधारण 60 अंश. म्हणजे माणसं मनातल्या मनात आकृती खरोखर फिरवत असावीत. झालं, विषय मिटला असं वाटतं. पण 2010 मध्ये एका निवृत्त गृहस्थाची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांना मनात चित्रच दिसेनासं झालं होतं. तरी अशा चाचणीत त्यांची उत्तरं बरोबर आली. वेळेचा नेहमीचा हिशोब मात्र त्यांच्या बाबतीत जुळेना. न फिरवताही उत्तर काढता येतं, ते असं.

आता आपल्या शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीशी नातं सांगणारा प्रकार बघू. मानसशास्त्रज्ञ जॉन रेव्हन यांच्या 1938 च्या चाचणीत 60 प्रश्न आहेत, बहुतेक सगळे 'रिकाम्या जागी काय?' असेच. त्याच धर्तीवर मी एक बनवलाय. पहिली ओळ : त्रिकोणात एक ठिपका, चौकोनात दोन, वर्तुळात तीन. दुसरी : चौकोनात तीन, वर्तुळात एक, त्रिकोणात दोन. तिसरी : वर्तुळात दोन, त्रिकोणात तीन, आणि शेवटचं घर रिकामं.

एक पोरगी दोन्ही नियम धरते : प्रत्येक ओळीत तिन्ही आकृत्या एकेकदा, आणि एक, दोन, तीन ठिपकेही एकेकदा. चौकोन राहिला, एक ठिपका राहिला. मग ती पर्यायांत तेवढंच शोधते. दुसरा पोरगा थेट पर्यायांवर उडी मारतो. चौकोन नसलेले दोन खोडतो, उरलेल्या दोघांत ठिपक्यांवर अडकतो आणि एकावर टिचकी मारतो. लोकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवून हे दोन्ही मार्ग तपासले गेलेत. चांगले गुण मिळवणारे बहुधा उत्तर आधी बांधतात; प्रश्न डोक्यावरून जायला लागला की खोडाखोड वाढते. खोडाखोड वाईट, असं मी म्हणत नाही. घड्याळ समोर असताना ती शहाणपणाचीच. पण क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून तीच घोटून घेतात, याला माझा विरोध आहे.

कारण पर्याय फक्त परीक्षेत असतात. आपल्या सोलापुरी चादरीचा ग्राफ, म्हणजे चौकटीच्या कागदावर नक्षीचा आराखडा, काढणाऱ्यापुढं 'अ, ब, क, ड' नसतं. ग्राफमधलं एक घर म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एक गाठभेट. त्याप्रमाणं जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, कार्डाला भोक पडतं आणि त्या भोकावर उभा धागा वर उचलला जातो. मोराची मान वळवायची तर ती पायऱ्यापायऱ्यांनीच वळते. शिवाय चादर दुपदरी : इकडच्या नक्षीचा रंग तिकडच्या बाजूला जमीन, म्हणजे नक्षीमागचा रंग, होतो आणि इकडच्या जमिनीचा रंग तिकडं नक्षी. आज हे काम संगणकावर होतं, घरं स्क्रीनवर असतात, पण पाठची बाजू डोक्यातच उलटावी लागते. शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या पोरांना आपण 'आकृत्यांत कच्ची' म्हणतो तेव्हा मला हसू येतं. घरी मागावर काय चाललंय, ते एकदा विचारा तरी त्यांना.

घरी करायचं तर एवढंच करा. जुन्या प्रश्नपत्रिकेतल्या पर्यायांवर पोस्टकार्ड ठेवा आणि उत्तर पेन्सिलीनं काढायला सांगा. चित्र वाकडं आलं तरी चालेल. मग कार्ड सरकवा. काढलेलं उत्तर चारांत नसेल, तर पोरगं काय करतं ते बघा : ओळी पुन्हा तपासतं, की जवळचा दिसणारा पर्याय पकडतं? काही जण म्हणतील, "छापण्यातच चुकलंय." त्यांनाही कारण विचारा. सरावपुस्तकांत तसं असतंही कधीकधी.