कानाच्या पाळीपासून जनुकापर्यंत

कानाची पाळी चिमटीत घट्ट दाबायची, रक्त ओसरून ती पांढरी पडेपर्यंत. मग ब्लेडची इवलीशी चीर. पातं आडवं करून आतला द्रव खरवडायचा आणि काचपट्टीवर पसरायचा. पाळीच का? कुष्ठरोगाच्या जंतूला थंडावा मानवतो, आणि कान बाकी अंगापेक्षा गार असतो.

तमिळनाडूत वेल्लोरजवळ करिगिरी इथे १९५५ पासून कुष्ठरोगाचं काम चालू आहे. एमडीटीचा, म्हणजे अनेक औषधं एकत्र देण्याच्या उपचाराचा, कोर्स पुरा करून गेलेला माणूस काही वर्षांनी नव्या गाठी घेऊन परत आला, की पहिला प्रश्न हाच: रोग उलटलाय, की नुसती रिअ‍ॅक्शन, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीरानं दिलेली दाहाची प्रतिक्रिया, आहे?

हे पाहा मायक्रोस्कोपखाली. निळ्यावर लाल काड्या, हेच जंतू. तुटक दिसतात त्या मेलेल्या. सलग, भरीव दिसल्या तर जंतू जिवंत असण्याचा संशय घ्यायचा. हे ओळखायला नजर बसावी लागते. चट्टे मोजून उपचार ठरवायची पद्धत आली आणि कितीतरी ठिकाणी स्मिअर, म्हणजे काचपट्टीवरचा हा नमुना, काढणंच मागे पडलं. सोय झाली खरी. पण नमुना घेणारा हातच नसेल तर पुढची प्रयोगशाळा काय तपासणार?

हा जंतू प्रयोगशाळेतल्या नळीत वाढत नाही. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सेननं तो १८७३ मध्ये पाहिला, पण नळीत तो आजही वाढवता आलेला नाही. १९६० मध्ये अमेरिकी संशोधक शेपर्डनं त्याला उंदराच्या तळपायात वाढवलं. पुन्हा गार जागाच. याला दुप्पट व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. म्हणून उंदरांना खाद्यातून डॅप्सोन हे कुष्ठरोगाचं औषध द्यायचं आणि जंतू तरीही वाढतो का याची वाट पाहायची, सहा महिने, कधी वर्षभर. डॅप्सोनला न जुमानणारा जंतू १९६४ मध्ये मलेशियात सिद्ध झाला तो असाच, तळपायातून.

आता नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये येतो, बर्फ लागत नाही. पीसीआरनं जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवायच्या, मग सिक्वेन्सिंग, म्हणजे त्यातली अक्षरं वाचणं. स्क्रीनवरची ही रंगीत शिखरं आरपीओबी जनुकाची. इथे ‘सी’च्या जागी ‘टी’ आलाय. तेवढ्यानं रिफाम्पिसिन, एमडीटीतलं मुख्य औषध, निकामी होतं.

मग औषधं बदलतात. रोज क्लोफॅझिमिन, जोडीला ऑफ्लॉक्सासिन, मिनोसायक्लिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांतली दोन, सहा महिने. पुढे अठरा महिने क्लोफॅझिमिन आणि त्यांतलं एक. क्लोफॅझिमिननं कातडी काळवंडते, म्हणून काही जण गोळ्या मध्येच सोडतात.