भाड्याचं घर आणि कायद्यातली उणीव

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत कुठेही भाड्याचं घर बघायला जा, एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला: फॅमिली की बॅचलर? मग दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया जोडीदार म्हणून राहत असतील, तर त्यांनी काय सांगायचं? माझ्या ओळखीतल्या दोघींनी 'मावसबहिणी आहोत' असं सांगितलं. एकीची अंबडला कारखान्यात नोकरी, भाडं दर महिन्याला वेळेवर. पुढे मालकीणबाईंच्या कानावर खरं गेलं आणि महिनाअखेरीस घर खाली करायचा निरोप आला. 'माझा भाचा राहायला येणार आहे,' एवढंच कारण. खरं कारण कुणी कागदावर लिहून देत नाही, त्यामुळे भेदभाव झाला हे सिद्ध करणं फार अवघड जातं.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. घरमालकाचा नकार मात्र तसाच राहिला. भेदभावाला मनाई करणारं संविधानाचं कलम १५ मुख्यतः सरकारला बांधतं. दुकानं, हॉटेलं, विहिरी, घाट यांच्यापुरतं ते खासगी माणसालाही लागू होतं, पण भाड्याच्या घराचा उल्लेख त्यात नाही. म्हणजे रामकुंडाच्या घाटावर जायला कुणाला अडवता येत नाही, कॉलेज रोडवरचा फ्लॅट मात्र नाकारता येतो. हे मला मुळीच पटत नाही.

तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यात घर भाड्याने किंवा विकत घेताना भेदभाव करायला स्पष्ट मनाई आहे. मसुदा तयारच आहे. गे आणि लेस्बियन व्यक्तींनाही तेच संरक्षण द्या, एवढीच मागणी. समलिंगी विवाहाचा प्रश्न २०२३ मध्ये न्यायालयाने संसदेवर सोडला. घरासाठी त्याची वाट बघायचं कारण नाही.

तोवर हातात आहे तो कागद पक्का करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करारात दोघांचीही नावं घाला. एकाचंच असेल, तर दुसऱ्याला पाहुणा ठरवून बाहेर काढणं सोपं जातं. नोटिशीची मुदत लिहून घ्या. आणि कराराची मुदत संपली, तरी मालकाला घर परत मिळवण्यासाठी सरकारने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. परस्पर कुलूप बदलून सामान जिन्यात आणून ठेवायचा अधिकार त्याला नाही.