पहिला हशा

नमस्कार श्रोतेहो. संध्याकाळची वेळ आहे. कुणाच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होत असतील, कुणी अजून गाडीतच असेल. हातातलं काम चालू राहू द्या, रेडिओचा आवाज तेवढा थोडा वाढवा.

आज बोलायचंय ते मला आवडणाऱ्या विनोदवीरांबद्दल. एकट्यानं उभं राहून हसवणाऱ्यांबद्दल. आजची मुलं त्याला स्टँड-अप म्हणतात. आम्ही एकपात्री म्हणायचो. माझे वडील कथाकथन म्हणायचे, आणि आजोबा तमाशातल्या सोंगाड्याची नावं घ्यायचे. नावं बदलत गेली, काम तेच राहिलं. समोर माणसं बसलीयत, हातात काही नाही, आणि त्यांना हसवायचंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वेळ कमी पडला तरी ते राहून जायला नको. मला ऐकणारा विनोदवीर आवडतो. बोलतात सगळेच. पण बोलता बोलता जो समोरच्यांना ऐकत असतो, तो माझा. लक्षात राहू द्या, ऐकणारा विनोदवीर.

वडिलांची पहिली नोकरी तासगावला होती. तिथं त्यांनी काळू-बाळूंचा तमाशा पाहिला होता. सांगलीजवळच्या कवलापूरचे हे जुळे भाऊ. वडील सांगायचे, एकाचं वाक्य दुसऱ्यानं कधी उचललं तेच कळायचं नाही, आणि हशा ओसरेपर्यंत दोघंही तोंडातून अक्षर काढायचे नाहीत. सोंगाड्याची हीच खरी तालीम. रोज नवं गाव, रोज नवी माणसं, आणि पहिल्या पाच मिनिटांत त्या गावाची नाडी हाताला लागली पाहिजे. दादा कोंडके त्याच मुशीतले. वसंत सबनीसांनी लिहिलेल्या 'विच्छा माझी पुरी करा'ची संहिता ठरलेली होती, पण दादा त्यात ताज्या घडामोडी अशा काही बसवायचे की कालचा प्रयोग पाहिलेला माणूस आज पुन्हा तिकीट काढायचा.

मग पु. ल. एकसष्ट साली, १९६१ला, त्यांनी 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर एकट्यानं उभी केली. त्यांचं कुठलंही जुनं ध्वनिमुद्रण लावा आणि शब्द सोडून द्या, शब्द तुम्हाला पाठच आहेत. शब्दांच्या मधली जागा ऐका. हशा उठतो, वर जातो, आणि उतरायला लागला की नेमक्या त्या क्षणी पुढचं वाक्य येतं. एक श्वास आधी आलं असतं तर हशात बुडालं असतं, एक श्वास उशिरा आलं असतं तर सभागृह गार पडलं असतं. रेडिओवर काम केलेला माणूस होता तो. मायक्रोफोनसमोर गप्प बसणं किती मोलाचं असतं, हे रेडिओवाल्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

लक्ष्मण देशपांडे तर आम्हा मराठवाड्यातल्या लोकांचे घरचेच. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये बावन्न भूमिका, ५२, आणि माणूस एक. आमची बोली तोवर नाटकात नोकराच्या तोंडी यायची. देशपांडे सरांनी तीच बोली मधोमध आणून बसवली आणि साऱ्या महाराष्ट्रानं ती डोक्यावर घेतली. २००९ साली ते गेले, तेव्हा आमच्या गल्लीत घरातलं कुणी गेल्यासारखं झालं होतं.

आणि जॉनी लिव्हर. तेलुगू घरातला, धारावीत वाढलेला मुलगा. रस्त्यावर पेनं विकताना नटांच्या नकला करायचा. पुढं हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात कामाला लागला, तिथं साहेबांच्या नकला करून कामगारांना हसवायचा, आणि कारखान्याचं नावच आडनाव होऊन बसलं. त्याच्या नकलेत चेहरा लवचीक आहेच, पण आधी कान आहे. माणूस कुठल्या शब्दावर श्वास घेतो, हे त्यानं ऐकलेलं असतं.

शिरीष कणेकर माझ्या या नियमात बसत नाहीत, तरी आवडतात. ते थांबतच नसत. सिनेमा आणि क्रिकेट यांच्यावर इतकं जीव तोडून प्रेम केलेला माणूस थांबणार तरी कसा?

आजच्या मुलांचं मला कौतुक आहे. 'भाडिपा' या मराठी यूट्यूब वाहिनीचा सारंग साठ्ये आणि त्याच्याबरोबरची मंडळी मराठीत उभी राहतात, स्वतःच्या आईवडिलांबद्दल, भाड्याच्या खोलीबद्दल, नोकरीबद्दल बोलतात, आणि तिकीट काढून तरुण पोरं ऐकायला जातात. मराठीला हे हवंच होतं. एकच सांगणं आहे. पहिल्या रांगेतल्या माणसाशी बोलायची आता पद्धत पडलीय, क्राउड वर्क म्हणतात तिला. त्याला काय करतोस, कुठला आहेस विचारा, त्याचं उत्तर पुरतं ऐका, आणि मग त्यातून विनोद काढा. त्याच्या पोटावरून, रंगावरून, आडनावावरून बोलून हशा मिळतो, पण तो माणूस घरी काय घेऊन जातो? आणि टीव्हीवाल्यांना हात जोडून विनंती, ते भरलेलं, डब्यातलं हसू बंद करा. कुठं हसायचं ते आम्हाला कळतं.

आता ज्याच्यासाठी मी आज इथं बसलोय, तो किस्सा सांगतो. थोडा लांब आहे, पण सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

१९९१ साल. परभणी जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. शाळेच्या पटांगणात गणपती बसायचा. मी बारावीत होतो आणि मंडळात पडदा ओढायचं काम माझ्याकडं होतं. सुती दोर होता, पावसानं भिजला की कप्पीत अडकायचा, म्हणून मी रोज त्याला मेणबत्ती घासायचो. सातव्या दिवशी एकपात्री ठेवला होता. कलाकार म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणचे एक शिक्षक. आपण त्यांना सर म्हणू. साडेपाचच्या एसटीनं आले. हातात रेक्झिनची एक पिशवी, तिच्यात काठी, उपरणं आणि काचा नसलेला चष्मा. मानधन तीनशे एक रुपये.

खाली सतरंज्या अंथरल्या होत्या. सतरंजीवर माणूस जास्त हसतो हो. खांद्याला खांदा लागलेला असतो, शेजारचा हलला की आपण हलतो. खुर्च्या आल्या आणि माणसं सुटी सुटी हसायला लागली. तर, सगळे सतरंजीवर, आणि पुढं म्हाताऱ्यांसाठी लोखंडी घडीच्या सात-आठ खुर्च्या. त्यातली एक रिकामी होती. तिच्यावर झेंडूची दोन फुलं ठेवलेली.

ती खुर्ची आमच्या शिपाईमामांची. मामांनी आमच्या शाळेत तीस वर्षं घंटा दिली. कार्यक्रम कुठलाही असो, मामा पहिल्या रांगेत. आणि त्यांचं ते हसणं! आधी नाकातून एक बारीक शिट्टी निघायची, मग 'आय्यायो' म्हणून सूर, मग मांडीवर थाप. मामांची थाप पडली की सगळं पटांगण हसायचं. आमच्या गावात पहिला हशा मामांचा असायचा. त्या वर्षी आषाढात मामा गेले. त्यांच्याविना हा पहिलाच गणपती.

सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी पडदा ओढला, सरांनी सुरुवात केली. लग्नाच्या पंगतीत जिलेबीची वाट बघत बसलेले आजोबा. फार सुंदर करत होते. वाढपी जवळ येतोय, मान लांब होतेय, वाढपी शेजारूनच वळतोय. कुणी हसलं नाही. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. लोकांना आवडत नव्हतं असं अजिबात नाही. तोंडं उघडी होती, डोळे हसत होते, आणि सगळ्यांच्या माना किंचित त्या खुर्चीकडं वळलेल्या होत्या. सगळं गाव पहिल्या हशाची वाट बघत होतं, आणि पहिला हशा येत नव्हता.

दुसरी नक्कल गेली, तिसरी गेली. सर पाणी प्यायला विंगेत आले. सदरा पाठीला चिकटला होता. मला म्हणाले, "बाळ, गावात काही झालंय का?"

मी मामांचं सांगितलं. खुर्चीचं सांगितलं. सरांनी तांब्या खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "कसे हसायचे ते?"

मला सांगता येईना. गळाच भरून आला.

सरांनी काठी माझ्या हातात दिली, उपरणं दिलं, चष्मा दिला. बाहेर गेले आणि रंगमंचाच्या कडेला पाय खाली सोडून बसले, ओट्यावर बसावं तसे. माइक तोंडाशी धरला. म्हणाले, "मंडळी, मी पाहुणा माणूस. या खुर्चीवर बसायचे ते कसे होते, मला सांगा."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून सुतारकाका म्हणाले, "घंटा द्यायचे."

"कशी द्यायचे?"

"शेवटच्या तासाला दोन मिनिटं अगोदर."

बायकांच्या बाजूनं आवाज आला, "आन् पावसाचं आभाळ आलं की पाच मिनिटं." नाल्यापलीकडच्या वस्तीवरची लेकरं पाणी चढायच्या आत घरी पोचावीत म्हणून. ते आम्हाला त्या रात्री कळलं. सर प्रत्येकाचं वाक्य त्याच्याच आवाजात पुन्हा म्हणत होते, अगदी हळू, नक्कल म्हणून नाही, नीट ऐकलंय हे सांगण्यासाठी.

मग त्यांनी विचारलं, "आणि हसायचे कसे?"

चिडीचूप. आणि सतरंजीवरून चौथीतलं एक पोरगं उभं राहिलं. नाकातून शिट्टी काढली, 'आय्यायो' केलं, आणि मांडीवर थाप मारली.

श्रोतेहो, त्या क्षणी पटांगणातल्या सगळ्यांनी मागं वळून बघितलं. कारण मागं लिंबाच्या पाराला टेकून मामी बसल्या होत्या. डोक्यावर पदर. कुणाचा श्वास ऐकू येत नव्हता. मामींनी त्या पोराकडं बघितलं आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाल्या, "शिट्टी लांब हुती त्यांची."

काय हशा उठला म्हणून सांगू! दीड महिना गावानं दाबून धरलेला हशा होता तो. माणसं हसत होती आणि उपरण्यानं डोळे पुसत होती. मामी तोंडाला पदर लावून गदगदत होत्या. सरांनी पोराला खूण केली, लांब घे. पोरानं छाती फुगवून शिट्टी लांब घेतली आणि मामींनी हातानंच दाखवलं, हां, आता बरोबर.

मग सर उठले, माझ्याकडून काठी-उपरणं घेतलं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तेच जिलेबीवाले आजोबा. शब्दन् शब्द तोच. आता जागोजागी हशा. पुढं दीड तास कार्यक्रम चालला.

शेवटची एसटी गेली होती. सर शाळेतच झोपले. सकाळी मामींनी फडक्यात ज्वारीच्या दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि मी सरांना स्टँडवर सोडायला गेलो. फलाटावर त्यांनी शंभर पानी वही काढली आणि त्यात मामींचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. 'होती' लिहिलं नाही, 'हुती'च लिहिलं. मी विचारलं, "सर, असं विचारलं की लोक बोलतील, हे तुम्हाला कसं माहीत?"

म्हणाले, "माहीत नव्हतं. म्हणून तर विचारलं."

गाडी लागली. खिडकीत बसल्यावर मला म्हणाले, "एकदा करून दाखव ना." मला काही ती शिट्टी जमली नाही. कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी निघाली.

काचेपलीकडून मला खूण होतेय, वेळ संपत आली. सतीश तारे राहिले, रामदास फुटाणे राहिले, मिरासदार, माडगूळकर आणि शंकर पाटील या तिघांचं कथाकथन तर पुरतंच राहिलं. त्यांच्यासाठी वेगळा दिवस मागून घेतो. आज घरी आई, आजी, काका असतील तर त्यांना विचारा, तुमच्या गावात पहिलं कोण हसायचं? सांगतील ते पूर्ण ऐकून घ्या.

नमस्कार.